कयाकसाठी पहिला फिश फाइंडर घेताय? आधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतं ते समजून घ्या



माझा पहिला फिश फाइंडर मी ऑनलाइन सेलमध्ये घेतला. साडेतीन हजार रुपये, खोक्यावर उडी मारणारा मोठा मासा, आणि स्क्रीनवर माशांची छोटी छोटी चित्रं. नोकरी पुण्यात, घर साताऱ्यात. त्यामुळे पहिल्याच शनिवारी फुगवायची कयाक गाडीत टाकली आणि कण्हेर धरण गाठलं. वेण्णा नदीवरचं हे धरण आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. मच्छीमार संस्थेच्या माणसांना विचारून कयाक पाण्यात सोडली.

अर्ध्या तासात स्क्रीन माशांनी भरली. पाच मीटरवर तीन, सहा मीटरवर दोन. मी गळ टाकून दोन तास बसलो, पण एकही टोच नाही. शेजारून जाळं ओढत निघालेले एक काका थांबले, माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि हसले. "आरं, मासं न्हाईत ती. बाभळ हाय खाली. धरणाच्या आदी रान हुतं इथं."

म्हणजे मशीन मला दोन तास बाभळीच्या फांद्या मासे म्हणून दाखवत होतं. त्यानंतर मी ते मशीन बाजूला ठेवलं आणि हे तंत्रज्ञान नीट समजून घेतलं. तुमचे पैसे वाचावेत म्हणून हा लेख.

फिश फाइंडर काम कसा करतो?

तुम्ही कधी कमांड प्रॉम्प्टवर 'पिंग' केलं असेल. एक छोटं पॅकेट पाठवायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि त्याला नाव दिलं ते पाणबुडीच्या सोनारमधल्या 'पिंग' आवाजावरून. फिश फाइंडर हे त्याच सोनारचं छोटं भावंड. व्यवहारात उपयोगी पडेल असा पहिला फिश फाइंडर १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी बाजारात आणला.

पाण्यात बुडवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा एक ठोका खाली सोडतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. तळ १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे फक्त २० मिलिसेकंद. तेवढ्या वेळावरून मशीन खोली काढतं.

मग मासा कसा दिसतो? बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. पाण्यातून जाणारा आवाज हवेला धडकला की जोरात परत येतो. म्हणजे आपल्याला दिसतो तो प्रतिध्वनी मुख्यतः त्या हवेचा. पण तळातून वर येणारा बुडबुडासुद्धा हवाच असतो. झाडाची फांदी, बुडालेलं जाळं यांच्यावरूनही आवाज परत येतो. स्वस्त मशीन ह्या प्रत्येक ठिपक्यावर माशाचं चित्र चिकटवून मोकळं होतं.

स्क्रीन म्हणजे फोटो नव्हे

ही गोष्ट कळली आणि माझं अर्धं कोडं सुटलं. स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे जे दिसतं ते अंतर नसतं, तो वेळ असतो. अगदी उजवीकडची उभी रेघ म्हणजे 'आत्ता', बाकी सगळा इतिहास. कयाक एका जागी उभी असली तरी चित्र सरकतच राहतं. खाली एकच फांदी असेल तर तिची लांबच लांब आडवी पट्टी होते.

कयाक माशावरून पुढे जाते तेव्हा कमान दिसते. मासा झोताच्या कडेला असताना अंतर जास्त, बरोबर खाली आला की कमी, मागे पडला की पुन्हा जास्त. म्हणून कमान. मासा झोताच्या फक्त कडेतून गेला तर अर्धीच कमान उमटते. कमान नाही म्हणजे मासा नाही, असं समजू नका.

आवाजाचा झोत टॉर्चसारखा पसरत जातो. २० अंशांचा झोत असेल तर १० मीटर खोलीवर साधारण साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ तुम्हाला दिसतं. ६० अंशांचा असेल तर त्याच खोलीवर साडेअकरा मीटर. रुंद झोतात मासे जास्त येतात, पण ते नेमके कुठे आहेत ते कळत नाही. अरुंद झोत कमी जागा दाखवतो, पण तळ स्वच्छ काढतो.

पहिल्या मशीनमध्ये काय बघायचं?

माझं मत स्पष्ट आहे. पहिला फिश फाइंडर मासे शोधायला घेऊच नका, तळ वाचायला घ्या. आपली धरणं म्हणजे पाण्याखाली गेलेली शिवारं. खाली जुने बांध आहेत, विहिरी आहेत, ओढ्याची घळ आहे, जुना रस्ता आहे. मासा अशाच कडांना धरून असतो. त्या हिशेबाने ही यादी:

१. चर्प सोनार. साधं सोनार एकाच फ्रिक्वेन्सीचा ठोका सोडतं, चर्प एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फ्रिक्वेन्सी बदलत जातं. त्यामुळे तळाला चिकटलेला मासा आणि तळ वेगवेगळे दिसतात.

२. डाउन इमेजिंग. हम्मिनबर्ड हेच नाव वापरतं, लोरान्स त्याला डाउनस्कॅन म्हणतं, गार्मिन क्लिअरव्ह्यू. यात झाड झाडासारखं दिसतं. माझ्याकडे हे असतं तर बाभळ पहिल्या पाच मिनिटांत ओळखता आली असती. बजेटमध्ये बसत असेल तर नक्की घ्या.

३. जीपीएस. बांधाचं टोक सापडलं की जागा साठवून ठेवायची. नकाशा नसला तरी चालेल, पण जागा साठवता आली पाहिजे. आपल्या धरणांचे तयार नकाशे मिळतील या आशेवर महागडं मॉडेल घेऊ नका.

४. उन्हात दिसणारी स्क्रीन. चार-पाच इंच पुरे. कयाकवर त्याहून मोठी स्क्रीन वल्ह्याला अडते.

आणि काय बघायचं नाही? जाहिरातीतली खोली. '१,६०० फूट' म्हणजे जवळजवळ ४८८ मीटर. कोयना धरणाची भिंतच १०३ मीटर उंच आहे. सातारा जिल्ह्यातलं कुठलंही धरण त्या आकड्याच्या पाव भागातच संपतं. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

फोनवर चालणारा की स्वतःच्या स्क्रीनचा?

फोनला जोडायचा चेंडूसारखा सोनार आपल्याला साहजिकच आवडतो. गळाच्या दोरीला बांधून फेकायचा, तो वायफायने फोनला जोडला जातो, चित्र ॲपमध्ये दिसतं. तुम्ही मुख्यतः काठावरून मासेमारी करत असाल तर हाच घ्या. काठावरून वीस-तीस मीटर आतला तळ दुसरं कोणतंही मशीन तुम्हाला दाखवणार नाही.

पण कयाकवर त्याच्या अडचणी कळतात. वायफायचे सिग्नल पाण्यातून जात नाहीत, त्यामुळे लाटेने चेंडू बुडाला की चित्र तुटतं. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. दुपारच्या उन्हात फोन तापतो आणि ब्राइटनेस आपोआप कमी करतो. शिवाय ह्या वायफायवर इंटरनेट नसल्यामुळे काही फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतात. त्यावर उपाय म्हणजे डेटा बंद करायचा आणि 'कनेक्टेड राहा' हा पर्याय निवडायचा. सगळ्यात मोठा मुद्दा बॅटरीचा. पाण्यात अडचण आली तर मदतीला बोलवायचं साधन तोच फोन. तोच सोनारसाठी संपवायचा का?

म्हणून कयाकसाठी मी स्वतःच्या स्क्रीनचा छोटा फिश फाइंडर सुचवेन. गार्मिन स्ट्रायकर ४ हे या वर्गातलं ओळखीचं उदाहरण. साडेतीन इंची स्क्रीन, चर्प आणि जागा साठवणारा जीपीएस. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून हिशेब करा आणि भारतात वॉरंटी चालते का ते आधी विचारा.

बॅटरी आणि बसवणं

असं छोटं युनिट १२ व्होल्टवर साधारण पाव अँपिअर घेतं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची यूपीएसमधली बॅटरी निम्मी वापरली तरी १२-१४ तास सहज चालते. ती दोन किलोच्या वर असते, म्हणून परवडत असेल तर लिथियम फॉस्फेट घ्या, वजन निम्म्याहून कमी. कोणतीही घेतली तरी वायरमध्ये फ्यूज हवाच आणि बॅटरी झाकणाच्या घट्ट डब्यात हवी.

ट्रान्सड्यूसर बसवताना एकच नियम, मध्ये हवा नको. एकसंध प्लॅस्टिकची कयाक असेल तर आतून तळाला चिकटवला तरी आवाज आरपार जातो. फुगवायच्या कयाकमध्ये मात्र हे चालणारच नाही, कारण खाली हवेचीच गादी. तिथे बाजूला क्लॅम्पने दांडी लावून ट्रान्सड्यूसर थेट पाण्यात सोडावा लागतो.

मशीन जे दाखवत नाही

हा भाग वगळू नका. सांगलीचा माझा मामेभाऊ म्हणाला, "दादा, कयाक घेऊन इकडंच ये की, कृष्णा हाय घरामागं." मी नाही म्हणालो. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, तिथल्या लोकांना हे सांगायला नको. फिश फाइंडर खाली बघतो. पाण्याच्या वरच्या थरात शेजारून येणारी मगर त्याच्या झोतातच नसते. बसायला पाण्याच्या पातळीवर असलेल्या कयाकमधून तिथे मासेमारी करू नका. काठावरही जपून.

दुसरं, कोयनेचा शिवसागर आणि वारणेचा वसंतसागर. एक कोयना अभयारण्याच्या परिसरात, दुसरा चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या, आणि २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. बामणोली-तापोळ्याला बोटी चालतात म्हणजे तिथे गळ टाकता येतो असं नाही. वन विभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नका. बाकीच्या धरणांवर मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांचं पोट त्यावर आहे. आधी विचारा, आणि त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा.

तिसरं, लाइफ जॅकेट. फिश फाइंडरचे पैसे आहेत आणि जॅकेटचे नाहीत, असं असेल तर आधी जॅकेट घ्या. एकटे जाऊ नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही.

शेवटी

आता माझ्याकडे डाउन इमेजिंग असलेलं छोटं मशीन आहे. माशांची चित्रं दाखवणारं सेटिंग पहिल्याच दिवशी बंद केलं. कण्हेरच्या सतरा जागा साठवल्या आहेत. एक गोष्ट मात्र चुकत चुकत शिकलो. धरणाची पातळी दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत कित्येक मीटर उतरते. नोव्हेंबरमध्ये 'खोली ११ मीटर' म्हणून लिहिलेल्या जागी मार्चमध्ये वल्हं जवळजवळ तळाला लागलं. त्यामुळे जागेसोबत नुसती खोली लिहू नका. तारीख लिहा, आणि खाली काय आहे ते लिहा. पाणी हलतं, बांध हलत नाही.

मध्यंतरी तेच काका पुन्हा भेटले. मी त्यांना स्क्रीनवर एक गोल खड्डा दाखवला, कडा अगदी सरळ, आसपासच्या तळापेक्षा बराच खोल. त्यांनी काठावरचं एक झाड आणि समोरचा डोंगर यांची रेघ डोळ्यांनी जुळवली आणि म्हणाले, "हिर हाय ती. बाभळीवाल्या रानातली." त्यांना मशीन लागलं नाही. मला लागलं, आणि तरी ती विहीर आहे हे त्यांनी सांगितल्यावरच कळलं.

तुमचं मशीन आलं की पहिले दोन दिवस गळ घरीच ठेवा. नुसते फिरा, तळ बघा, आणि स्क्रीनवर काही वेगळं दिसलं की शेजारच्या होडीतल्या माणसाला विचारा.