विमानतळावरील सुरक्षा तपासणी: काय बंधनकारक, काय ऐच्छिक आणि तुमचे हक्क कोणते?

उडान योजनेमुळे लहान शहरांतूनही विमानसेवा सुरू झाली आहे. या योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला ते दिल्ली मार्गावर गेले. आज उपचारासाठी, नोकरीसाठी किंवा मुलाबाळांकडे जाण्यासाठी अनेक जण आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसत आहेत.

पहिल्या प्रवासात धास्ती असते ती तपासणीची. कोणी अंगझडती घेते, कोणी बॅग उघडायला सांगते, कोणी कॅमेऱ्यासमोर उभे करते. यातले काय टाळता येत नाही आणि कशाला नाही म्हणता येते, हे माहीत नसले की माणूस सगळ्यालाच मान डोलावतो. म्हणून प्रवासाआधी ही माहिती वाचून घ्या.

थोडक्यात

- ओळखपत्र दाखवणे, सामानाची तपासणी आणि अंगझडती सर्वांना बंधनकारक आहे.
- झडती सन्मानाने व्हावी, हा तुमचा हक्क आहे.
- डिजी यात्रा, म्हणजे चेहरा दाखवून प्रवेश, ऐच्छिक आहे.

तपासणी कशासाठी होते?

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ जणांचा मृत्यू झाला. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या विमानाचे अपहरण करून ते कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर, २००० सालापासून, देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजेच सीआयएसएफकडे सोपवण्यात आली. तपासणीचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो.

एका प्रवाशाची चूक सगळ्या विमानाला भोवू शकते. त्यामुळे झडतीला नकार दिल्यास विमानात बसता येत नाही.

तपासणीचे टप्पे

१. प्रवेशद्वार: तिकीट आणि फोटो असलेले मूळ ओळखपत्र दाखवा. आधारच हवे असे नाही. मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले निवृत्तिवेतन कार्ड किंवा दिव्यांग ओळखपत्रही चालते. तिकिटावरचे नाव ओळखपत्राप्रमाणेच असावे.

२. सामान: हातातील बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते. मोबाइल, पॉवर बँक आणि लॅपटॉप ट्रेमध्ये वेगळे ठेवा. चाकू, कात्री, अडकित्ता अशा वस्तू हातातील बॅगेत नेऊ नका. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवा. पॉवर बँक मात्र हातातील बॅगेतच ठेवायची असते, विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात नाही. बॅगेत काही संशयास्पद दिसल्यास ती तुमच्यासमोर उघडली जाते.

३. अंगझडती: धातुशोधक चौकटीतून गेल्यावर जवान हातातील यंत्राने आणि गरज पडल्यास हाताने तपासतात. पट्ट्याचे बक्कल, बांगड्या किंवा जोडव्यांमुळे यंत्र वाजू शकते. ते वाजले म्हणजे तुमच्यावर आरोप झाला, असे नाही. शांत उभे राहा आणि अंगावर काय आहे ते सांगा.

या नेहमीच्या तपासणीत मोबाइल ही एक वस्तू म्हणून यंत्रातून जातो. त्यातील संदेश किंवा फोटो पाहणे हा तिचा भाग नाही.

झडतीत तुमचा सन्मान

- महिला: महिलांची झडती महिला जवानच, पडद्याआडच्या कक्षात घेतात. महिला जवान जागेवर नसेल तर थांबण्याचा आग्रह धरा.
- कृत्रिम अवयव वापरणारे: कृत्रिम पाय किंवा कॅलिपर काढायला लावू नये, मानवी प्रतिष्ठा जपली जावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटले आहे. त्याआधी दोनच महिने, अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढावा लागण्याबद्दल जाहीर व्यथा मांडली होती. त्यावर सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली. अवयवावरून पट्टी फिरवून ती स्फोटक शोधणाऱ्या यंत्रात तपासता येते.
- पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असणारे: चौकटीजवळ जाण्याआधीच सांगा. डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा आणि हाताने तपासणी करण्याची विनंती करा.
- एकांत हवा असल्यास: कपड्यांखाली पट्टी, पिशवी किंवा अन्य वैद्यकीय साधन असेल तर चारचौघांत दाखवू नका. "मला आडोशाला तपासा," असे स्पष्ट सांगा. त्यामुळे थोडा वेळ जास्त लागेल, म्हणून विमानतळावर लवकर पोहोचा.

डिजी यात्रा: चेहरा द्यायचा की नाही?

रेशन दुकानात बोटाचा ठसा किंवा हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा देण्याची तुम्हाला सवय असेल. त्यामुळे विमानतळावरचा कॅमेराही तसाच सक्तीचा वाटू शकतो. तसे नाही.

डिजी यात्रा ही सेवा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसी येथे सुरू झाली. पुढे पुणे, मुंबई, हैदराबादसह इतर विमानतळांवर ती आली. ती चालवणारी डिजी यात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी आहे. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के वाटा असून उरलेला वाटा मोठे विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा आहे. म्हणजे ही लाभाची योजना नाही. ती न घेतल्याने तुमचे रेशन, पेन्शन किंवा इतर कोणताही लाभ थांबत नाही.

ॲपमध्ये ओळख पटवून, सेल्फी काढून बोर्डिंग पास जोडला की प्रवेशद्वारावर चेहरा पाहून फाटक उघडते. रांगेतला वेळ वाचतो, हा तिचा फायदा. माहिती तुमच्याच मोबाइलमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली प्रत विमान सुटल्यानंतर २४ तासांत पुसली जाते, असे तिच्या धोरणात म्हटले आहे.

मात्र, नीट न सांगताच प्रवाशांचे चेहरे टिपले जात असल्याच्या तक्रारी २०२४ च्या सुरुवातीला झाल्या. त्यावर ही सेवा ऐच्छिक असल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्पष्ट केले. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. म्हणून हो म्हणण्याआधी विचारा: फोटो कशासाठी? तो कोण ठेवणार? घाईत कोणालाही ओटीपी सांगू नका.

नको असल्यास एवढेच म्हणा: "मला डिजी यात्रा नको, मी ओळखपत्र दाखवून जातो."

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. सुरक्षेसाठी या हक्कावर मर्यादा येऊ शकते. पण त्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. अंगावर शस्त्र नाही ना हे पाहणे गरजेचे आहे. ते चारचौघांत अपमान करून पाहणे गरजेचे नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मोकळेपणाने दिलेली असावी आणि ती मागेही घेता यावी. संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेच्या कारणासाठी केंद्र सरकार काही शासकीय यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकते, हेही लक्षात असू द्या.

तक्रार कशी करावी?

१. जागेवरच ड्युटीवरील सीआयएसएफ अधिकाऱ्याला भेटण्याची विनंती करा. वाद घालू नका.
२. तारीख, वेळ, विमान क्रमांक आणि प्रवेशद्वाराचा क्रमांक लिहून ठेवा.
३. विमानतळ व्यवस्थापकाकडे किंवा एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

नेहमीचे प्रश्न

डिजी यात्रा घेतली तर अंगझडती टळते का?
नाही. सामानाची तपासणी आणि अंगझडती होतेच.

घरात एकाकडेच स्मार्टफोन आहे. अडचण येईल का?
नाही. प्रत्येकाने आपले तिकीट आणि मूळ ओळखपत्र दाखवले की पुरेसे आहे.

आधी संमती दिली, आता नको आहे. काय करावे?
ॲपमधील आपली माहिती काढून ॲप बंद करा. पुढच्या प्रवासात नेहमीच्या रांगेतून जा.