प्रार्थनेची रोजकीर्द



आमच्या देवळीसारख्या कापसाच्या मुलखांत पूर्वीं कोणत्याहि जुन्या पेढीवर गेलें, कीं गादीपाशीं तांबड्या बांधणीच्या दोन वह्या हमखास दिसत. एक रोजकीर्द व दुसरी खतावणी. रोजकीर्दींत दिवसाचा व्यवहार घडेल तसा, घडेल त्या क्रमानें उतरावयाचा, आणि मागाहून तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत न्यावयाचा. रोजकीर्द लिहिण्याचा आळस करून जो व्यापारी केवळ स्मरणावर विसंबे, त्यास वर्षाअखेर असें आढळून येई, कीं येणें तेवढें लक्षांत राहिलें आणि देणें मात्र विसरलें. मनुष्याचें स्मरण असें पक्षपाती असतें, हें मीं शाळेंत पुष्कळ वर्षें मुलांना सांगितलें. स्वतःच्या बाबतींत तें किती खरें आहे, हें मला फार उशिरां कळलें.

आजचा माझा विषय व्यापाराचा नाहीं. ख्रिस्ती घरांतून सकाळीं अगर रात्रीं पवित्र शास्त्राचा एखादा भाग वाचावा, प्रार्थना करावी व देवाचे आभार मानावे, असा परिपाठ असतो. परंतु महिन्याच्या शेवटीं कोणीं विचारलें, कीं या तीस दिवसांत आपण काय वाचलें, काय मागितलें, आणि कशाकशाबद्दल आभार मानले, तर आपणांपैकीं किती जणांस उत्तर देतां येईल? याकरितां एक वही ठेवण्याची चाल फार जुनी आहे. ती वही कशी ठेवावी, आणि ठेवतांना कोठें पाय घसरतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे. ज्यांचा धर्म निराळा आहे अशा श्रोत्यांनाहि तें अगदींच परकें वाटूं नये.

कारण आमच्या वर्धा जिल्ह्यास दैनंदिनीचें वळण कांहीं नवें नाहीं. महात्माजी आश्रमवासीयांस दैनंदिनी ठेवण्याचा आग्रह करीत, आणि महादेवभाई देसाई यांनीं 1917 पासून 1942 मध्यें देह ठेवीपर्यंत ज्या वह्या लिहिल्या, त्यांवांचून त्या काळाचा इतिहास लिहितां येणार नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत राहून ग्रामोद्योगांचें कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा हे तर स्वतः ख्रिस्ती होते. येशूच्या आचारविचारांवरील आपलें पुस्तक त्यांनीं तुरुंगांत लिहिलें. पवनारच्या विनोबाजींनीं नव्या करारांतील वचनें निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केलें. वाचावें, निवडावें, आणि निवडलेलें आपल्या हातानें उतरून ठेवावें, ही मनाची शिस्त सर्व धर्मांच्या साधकांस समान आहे.

मराठी ख्रिस्ती लोकांत हातीं लेखणी घेऊन शास्त्र वाचणारा पुरुष म्हटला, कीं रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव आधीं ओठांवर येतें. 1893 सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें काव्यावर बोलणें झालें. निरोप घेतांना त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली व दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीतहि केलें. टिळकांना पुस्तक हातांत पेन्सिल घेऊन वाचण्याची संवय होती. तसेंच हेंहि पुस्तक एकदां पाहून टाकावें म्हणून त्यांनीं तें उघडलें, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन ते थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला या कथेंत त्या भाकितापेक्षां त्या पेन्सिलीचें महत्त्व अधिक वाटतें. नुसत्या डोळ्यांनीं वाचणारा मनुष्य ओळीवरून ओळीवर घसरत जातो. ज्याच्या हातांत पेन्सिल आहे, त्याला कोठें तरी थांबावें लागतें.

“आम्हांला लिहितां येत नाहीं,” असें म्हणणाऱ्यांस लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण पुरेसें आहे. शाळेंतील रीतसर शिक्षण त्यांस मिळालें नव्हतें. तरी 1934 पासून प्रसिद्ध होऊं लागलेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ मराठी भाषेचें भूषण होऊन बसलीं. त्याचें कारण इतकेंच, कीं त्या जशा बोलत तशाच लिहीत. बाबा पदमनजी यांनींहि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रांत आपल्या मनाच्या घालमेलीची हकीकत सरळपणें सांगितली आहे.

आतां वहीकडे वळूं. ती शाळेच्या मुलांची असते तशी शंभर पानी साधी वही असावी. छापील तारखांची दैनंदिनी घेऊं नये, असा माझा अनुभव आहे. चार दिवस लिहावयाचे राहिले, कीं तीं कोरीं पानें आपणांकडे डोळे वटारून पाहूं लागतात, आणि लाजेनें पांचव्या दिवशींहि आपण वही उघडीत नाहीं. साध्या वहींत ज्या दिवशीं लिहिलें त्या दिवसाची तारीख घातली म्हणजे झालें.

वाचावयाचा उतारा थोडा असावा, दहा-बारा ओव्यांहून अधिक नको. त्या उताऱ्यांत काय घडलें तें पुस्तक मिटून आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहावें. मग त्यांतील कोणता शब्द मनास टोंचला अगर सुखावून गेला, तें एका ओळींत. आणि शेवटीं, आज त्या संबंधानें मला काय करावयाचें आहे, तें. येथें एक सावधगिरी अवश्य आहे. आपण ख्रिस्ती माणसें लिहावयास बसलों, कीं आपल्या लेखणींतून व्यासपीठावरची भाषा वाहूं लागते. “हे परमकारुणिका, तुझ्या अगाध कृपेनें…” असें एक पानभर लिहून झालें तरी त्या दिवशीं आपण कोठें होतों व कोणावर रागावलों होतों, याचा पत्ता लागत नाहीं. घरीं आपण वऱ्हाडी-नागपुरी वळणाचें जें बोलतों, तेंच वहींत उतरावें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं आयुष्याच्या शेवटापर्यंत पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतरासाठीं श्रम घेतले. मग त्याच मराठीत देवाशीं बोलण्याची आपणांस लाज कां वाटावी?

उदाहरणादाखल माझ्याच एका जुन्या वहींतील नोंद सांगतों. लूकच्या सतराव्या अध्यायांतील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मीं त्या दिवशीं वाचली होती. नोंद अशी: “दहा बरे झाले, एकच परत आला, आणि तोहि शोमरोनी, म्हणजे परका. मी त्या नवांपैकीं. मागल्या पावसाळ्यांत ताप उतरला तेव्हां पहिला प्रश्न डॉक्टरांना, शाळेवर केव्हां जाऊं? आभार राहिले.” यांत वाङ्मय कांहीं नाहीं. पण त्या गोष्टीवर मीं ऐकलेलीं सर्व प्रवचनें मी विसरलों आहें, आणि ही नोंद विसरलेलों नाहीं.

प्रार्थनेची नोंद मात्र अधिक काटेकोर पाहिजे. पानाच्या उजव्या बाजूस दोन बोटें समास सोडावा. डावीकडे तारीख, ज्याच्यासाठीं मागितलें त्याचें नांव, आणि नेमकें काय मागितलें तें. उजवीकडचा समास कोरा ठेवावा. पुढें जें घडेल तें तेथें तारखेसह लिहावें. ही पद्धति माझी नव्हे. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं 1836 सालीं अनाथगृह उघडणारे जॉर्ज म्युलर यांनीं अशा प्रकारें वर्षानुवर्षें नोंदी ठेवल्या, आणि कोणत्या दिवशीं घरांत काय शिल्लक होतें, काय मागितलें व काय आलें, हें जगापुढें मांडलें. पण मला म्युलरसाहेबांची सर्वांत मोलाची वाटणारी नोंद ती नव्हे. 1844 च्या नोव्हेंबरांत त्यांनीं पांच व्यक्तींच्या परिवर्तनासाठीं नित्य प्रार्थना सुरू केली. पहिल्याचें परिवर्तन दीड वर्षानें झालें, मग कांहीं वर्षांच्या अंतरानें दुसऱ्याचें व तिसऱ्याचें. उरलेल्या दोघांच्या बाबतींत छत्तीस वर्षांनंतरहि समास कोराच होता, आणि तसें त्यांनीं स्वतःच सांगितलें. कोरा समास दाखविण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्या भरलेल्या समासावर माझा विश्वास बसतो.

कोऱ्या समासाविषयीं मी बोलतों आहें, तर मला माझी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझी पत्नी दुखण्यानें अंथरुणास खिळली आणि नागपुरास एका रुग्णालयांत अकरा आठवडे होती. ती परत आली नाहीं. समाचारास येणारीं माणसें म्हणत, “गुरुजी, तुम्हीं बाईंसाठीं किती प्रार्थना केली हो!” मलाहि तसेंच वाटे. त्याबरोबरच मनांत एक अढी बसली होती, कीं त्या दिवसांत आळींतील कोणीं आमच्या घराकडे ढुंकून पाहिलें नाहीं. ही अढी मीं दोन वर्षें बाळगली. शेजाऱ्यांशीं कामापुरतें बोलावें, दारावरून जातांना मान खालीं घालावी, असें चाललें होतें.

मग एके दिवशीं जुन्या वह्या आवरतांना त्या अकरा आठवड्यांची वही हातीं आली. वाचीत गेलों तसतसे माझे हात गार होत गेले. तिच्यासाठीं म्हणून नांव घालून केलेली प्रार्थना नऊच दिवस लिहिली होती. बाकीचीं पानें कशाचीं? उपचारासाठीं काढलेल्या कर्जाचीं, शेताच्या बांधावरून एका नातलगाशीं चाललेल्या तंट्याचीं, आणि मला झोंप येत नाहीं या तक्रारीचीं. कदाचित् लिहिली नाहीं तरी मनांत केली असेन, असें मीं स्वतःस समजावून पाहिलें. तें फारसें पटलें नाहीं. आणि त्याच पानांत, खालच्या कोपऱ्यांत, घाईनें लिहिलेली एक ओळ होती: “शेजारच्या काकूंनीं आजहि भाकरी व झुणका पाठविला.” ‘आजहि’ हा शब्द मीं पुनः पुनः वाचला. मागें पाहतां तशा आणखी चार ओळी सांपडल्या. माझ्या स्मरणांतून काकूंची भाकरी साफ नाहींशी झाली होती, आणि कोणी आलें नाहीं ही तक्रार तेवढी शिल्लक होती. येणें लक्षांत, देणें विसरलेलें!

त्याच सायंकाळीं मी काकूंकडे गेलों. त्या तेव्हां थकल्या होत्या, तरी त्यांनीं ओळखलें. आभार मानण्यास इतका उशीर कां केला, असें त्यांनीं विचारलें नाहीं. “मास्तर, चहा घ्या,” इतकेंच म्हणाल्या.

म्हणून कृतज्ञतेच्या नोंदीविषयीं माझें म्हणणें असें आहे, कीं “सर्व आशीर्वादांबद्दल आभारी आहें” ही ओळ लिहूं नये. ती लिहावयास सोपी, आणि तिच्यांत कोणाचेंच नांव नाहीं. भाकरी कोणीं दिली, सायकल कोणीं दुरुस्त करून दिली, पत्र कोणाचें आलें, हें लिहावें. दिवसाला एक नोंद पुरे. आणि ज्या दिवशीं आभार मानावेसे वाटत नाहींत, त्या दिवशीं ते ओढूनताणून मानूं नयेत. स्तोत्रसंहितेंत दीडशें स्तोत्रें आहेत आणि त्यांत तक्रारींचीं कांहीं थोडीं नाहींत. अठ्याऐशींवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें, शेवटीं आशेचा एकहि शब्द नाहीं. ज्यांनीं तें शास्त्रांत राहूं दिलें, त्यांना माणसाचें मन आपल्याहून चांगलें ठाऊक होतें. दुःखाच्या दिवशीं खोट्या आभाराची नोंद केली, तर पुढें खऱ्या आभारावरहि आपला विश्वास राहत नाहीं.

राहतां राहिला गुप्ततेचा प्रश्न. दुसऱ्यासाठीं प्रार्थना लिहितांना दुसऱ्याचीं दुःखें वहींत येतात: कोणाचें व्यसन, कोणाची मुलगी माहेरीं परत आलेली. वही कोणाच्या हातीं पडली तर प्रार्थनेची चहाडी होते. तेथें आद्याक्षर घालावें. जॉन वेस्ली आपली खाजगी रोजनिशी सांकेतिक अक्षरांत लिहीत, आणि छापावयाची निराळी ठेवीत. आपल्याकडे मोडी होती. आतां ती वाचणारीं माणसें इतकीं थोडीं उरलीं आहेत, कीं ज्याला येत असेल त्याला निराळ्या संकेताची गरजच नाहीं! याहून मोठें भय मात्र दुसरेंच आहे. वही पुढें कोणी तरी वाचील, या विचारानें आपण तिच्यांत चांगले दिसूं लागतों. खोलीचें दार लावून प्रार्थना करावी असें जें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें, तें वहीसहि लागू आहे. अमेरिकेंतील डेव्हिड ब्रेनर्ड हा तरुण मिशनरी 1747 सालीं अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं क्षयानें वारला. त्याची रोजनिशी 1749 मध्यें छापली गेली आणि पुढें विल्यम कॅरीसारख्यांनीं ती वाचून हिंदुस्थानाकडे तोंड वळविलें. 1811 सालीं श्रीरामपुराहून मराठी नवा करार निघाला, तो याच कॅरींच्या परिश्रमानें. त्या ब्रेनर्डनेंहि आपल्या आरंभींच्या दोन वह्या मात्र नष्ट करविल्या होत्या. त्यांत काय होतें कोण जाणे. पण त्या लिहितांना कोणी वाचील असें त्यास वाटलें नसावें, असें माझें अनुमान आहे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारीं मागचीं पानें एकदां वाचावीं आणि समासांत जें लिहावयाचें तें लिहावें. माझ्या त्या वहींत पत्नीच्या नांवासमोर मीं फक्त तारीख घातली आहे. ‘मिळालें’ असें लिहवत नाहीं, आणि ‘नाकारलें’ असेंहि नाहीं. माझ्या सर्व वह्या एका गांठोड्यांत बांधून ठेविल्या आहेत. माझ्यामागें त्या न वाचतां जाळाव्या, असें मुलास सांगितलें आहे. ती एक वही मात्र गांठोड्याबाहेर, वेगळी ठेवली आहे. ती त्यानें वाचावी कीं वाचूं नये, हें अद्याप माझें ठरलेलें नाहीं.