व्यास कुठला धरायचा?

टायरच्या अंगावर आकडे उठवलेले असतात आणि टायर बदलायची वेळ येईपर्यंत ते कोणी वाचत नाही. रावेरच्या बाजारात उभ्या असलेल्या शंभर सीसीच्या एखाद्या मोटारसायकलजवळ वाकून बघा. बऱ्याच गाड्यांवर 80/100-18 असं सापडेल. म्हणजे टायरची रुंदी 80 मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के, म्हणून तीही 80, आणि रिम 18 इंचांची, म्हणजे 457 मिलिमीटर. वर 80, खाली 80, मधे 457. चाकाचा व्यास झाला 617 मिलिमीटर. त्याला ‘पाय’नं गुणलं की परीघ 1.94 मीटर. चाकाचा एक फेरा झाला की गाडी एवढी पुढं सरकते.

पुढचं गणित शाळकरी पोरही करेल. मिनिटाला 430 फेरे होत असतील तर गाडी मिनिटाला 834 मीटर जाते, तासाला 50 किलोमीटर. झटपट करायचं तर परीघ मीटरमध्ये घ्या, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, पुन्हा 0.06 नं गुणा. ताशी किलोमीटर हातात येतात.

वेग दाखवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मीटरला मात्र यातलं काहीच येत नाही. पुढच्या चाकापासून निघालेली मीटर वायर आतल्या आत फिरते आणि मीटरमधलं एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. पण चुंबक फिरू लागलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी चुंबकामागं ओढली जाते. बारीकशी स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो वेग. जर्मनीत ऑटो शुल्झ यांनी 1902 साली या युक्तीचं पेटंट घेतलं. चाक केवढं आहे हे मीटरला माहीत नसतं. ते कारखान्यानं गृहीत धरलेलं असतं. म्हणूनच मागच्या चाकाला हौसेनं जाड टायर चढवला तरी या मीटरच्या काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. तो पुढच्या चाकाचंच ऐकतो.

आता ‘पाय’ कुठला घ्यायचा? 22/7 की 3.1416? जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न जुना आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला रावेर, तर पार दक्षिणेला चाळीसगाव तालुक्यात पाटण. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परिघासाठी दोन गुणोत्तरं दिली: सूक्ष्म हिशोबाला 3927/1250 आणि व्यवहाराला 22/7. दोन्ही आपल्या मोटारसायकलला लावून बघा. सूक्ष्म गुणोत्तरानं शंभर किलोमीटरला चूक येते सुमारे 23 सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. व्यवहारी 22/7 नं येते 40 मीटर. आणि टायरचा व्यास एका मिलिमीटरनं चुकला, तर? 162 मीटर! टायरची नक्षी अर्धा मिलिमीटर झिजली की व्यास एका मिलिमीटरनं घटतो. ‘पाय’च्या दशांशस्थळांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. खरी पंचाईत व्यासाची आहे.

कारण रबराचा व्यास एका जागी ठरत नाही. नक्षी पाच मिलिमीटर झिजली की व्यास दहानं कमी. मीटर 60 दाखवतं तेव्हा गाडी 59 नं चाललेली असते. हवा कमी असली, मागं केळीचे दोन घड बांधले, तरी टायर दबतो. म्हणून आकडे वाचण्यापेक्षा टायरला खडूची रेघ मारावी, माणूस बसवून गाडी सरळ ढकलावी, आणि रेघ पुन्हा खाली आली की जमिनीवरचं अंतर टेपनं मोजावं. हा परीघ अधिक खरा. या अनिश्चिततेमुळंच युरोपातल्या नियमानुसार मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्त दाखवायला मुभा आहे, तीही एक दशांश अधिक ताशी 4 किलोमीटरपर्यंत. कंपन्याही काटा थोडा पुढंच ठेवतात. कट्ट्यावर ‘शंभरनं आणली’ म्हणून जी बढाई ऐकू येते, तिच्यातले चार-पाच किलोमीटर बहुधा कंपनीचे असतात.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती दबत नाही. रेल्वेचं चाक तिचंच थोरलं भावंड. मग तिथं तरी व्यास पक्का असेल? रावेर स्टेशनातून भुसावळ–खंडवा मार्गावरच्या मालगाड्या धडधडत जातात. त्यांना ओढणाऱ्या विजेच्या इंजिनाचं नवं चाक 1092 मिलिमीटर व्यासाचं असतं. ते रुळावर झिजतं, आकार बिघडला की शेडमध्ये लेथवर कातून नीट करतात, आणि असं करत 1016 पर्यंत उतरू देतात. फरक 76 मिलिमीटरचा. मीटरला 1092 सांगितलंय आणि चाक 1016 वर आलंय, तर काटा 110 दाखवताना गाडी 102 नंच धावते. उशीर होईल, एवढंच. उलटं झालं तर मात्र अवघड. नवी चाकं बसवली, मीटरमध्ये जुनाच 1016 राहिला, की काटा 110 वर आणि गाडी 118 वर. म्हणून चाक कातलं किंवा बदललं की वेग नोंदवणाऱ्या यंत्रात नवा व्यास भरावा लागतो.

व्यास बरोबर भरला तरी चाक खोटं बोलू शकतं. पावसात ओल्या रुळावर भरलेली मालगाडी उचलताना इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतात. काटा चढतो, खिडकीबाहेरचा खांब हलत नाही. त्यासाठी इंजिनात कोरडी वाळू भरलेली असते. ती चाकापुढं रुळावर सोडली की पकड येते. ब्रेक लावताना चाक जाम झालं तर उलटा प्रकार: काटा शून्यावर आणि गाडी घसरत पुढं.

हेच रावेरच्या काळ्या जमिनीत रोज घडतं, फक्त तिथं कोणी मीटरकडं बघत नाही. नांगर लावलेल्या ट्रॅक्टरचं मागचं चाक थोडं घसरतंच. दहा-पंधरा टक्के घसरण तर चालण्यासारखी. त्याहून वाढली की डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातात. म्हणूनच काही शेतकरी टायरमध्ये पाणी भरून चाकावर वजन आणतात. घसरण मोजायला खडूच पुरतो. समजा, मागचा टायर 13.6-28 मापाचा आहे. त्याचा एक फेरा साधारण 4.1 मीटरचा. नांगर वर उचलून दहा फेरे चालवा, खुंटी रोवा, टेप लावा: 41 मीटर. मग नांगर जमिनीत सोडून दहा फेरे. आता 36 मीटरच भरले, तर घसरण 12 टक्के. चाकाला विचाराल तर ते अजून 41च सांगेल.