शहाण्णव ब्लॉकांचा दिवस

पहाटे ५.१५. जुलै महिना. धुळे जिल्ह्यात अजून उजाडायचं आहे, पण पुण्यात माझ्या स्क्रीनवर तिथला दिवस आखून तयार आहे. पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक, त्यातले साधारण पन्नासेक उजेडाचे. साक्रीजवळचा ४० मेगावॅटचा सौर प्रकल्प कोणत्या ब्लॉकात किती वीज देणार, हे कालच ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला कळवलंय. आता दुरुस्त्या सुरू. दीड तासाच्या टप्प्यात एकच रिव्हिजन मिळते आणि तीही चौथ्या ब्लॉकपासून लागू होते. म्हणजे डोक्यावर आलेल्या ढगासाठी काही करता येत नाही. जो पाऊण-एक तासाने येणार आहे, त्याच्यासाठीच सगळी धडपड.

६.१५. पहिले काही किलोवॅट. पाहण्यासारखं काही नाही. चहा.

७.३०. इन्सॅट उपग्रहाची चित्रं. लागोपाठच्या दोन चित्रांत ढग किती सरकला ते मोजायचं आणि तोच वेग पुढे धरायचा. गुजरातच्या सपाटीवर ही युक्ती बरी चालत असेल. साक्री सह्याद्रीच्या पाठीशी, पर्जन्यछायेत. पाऊस बेताचा, ढगांची वर्दळ मात्र भरपूर. डोंगर उतरताना ढग नुसते सरकत नाहीत, विरतात, फाटतात. आमचं मॉडेल, म्हणजे शेकडो निर्णयवृक्षांची बेरीज, हे जुन्या पावसाळ्यांतून थोडंफार शिकलंय.

९.४०. उद्याचं शेड्यूल. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर चाललेलं जागतिक हवामान मॉडेल एवढ्यात हाती येतं आणि दहाच्या आत आकडे पाठवायचे, असा आमचा दंडक. उद्या दुपारी बाराच्या ब्लॉकात ऊन असेल तर ३४ मेगावॅट, ढग असेल तर १२. आमचं मॉडेल म्हणतं २४. नव्याने लागलेली मुलं इथे हमखास वाद घालतात, की २४ तर येणारच नाही, मग पाठवायचा कशाला? पण हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ ठेवली. पुढे टप्प्याटप्प्याने दर चढतो. २४ पाठवले तर दोन्ही बाजूंनी चूक २५-३० टक्के, थोडा दंड नक्की. ३४ पाठवले आणि ढग आला तर ५५ टक्के, आणि तो दंड कितीतरी पटीने जास्त. ऊन-ढगाची शक्यता सारखी असेल तेव्हा कधीच खरा न ठरणारा आकडाच सगळ्यांत शहाणा असतो. मी २४ पाठवते.

१२.२०. साइटवरचा, ऊन मोजणारा पायरॅनोमीटर प्रति चौरस मीटर १,१०० वॅट दाखवतो. हा आकडा चुकीचा समजून खोडू नये; पांढऱ्या ढगाच्या कडेवरून परतलेला उजेड थेट उन्हात मिसळला की काही क्षण असं होतं.

१.०५. उत्पादन ३३ वरून २४ वर घसरलं. मॉडेलने लगेच पुढचे ब्लॉकही खाली ओढले, कारण त्याच्या लेखी वीज कमी झाली म्हणजे ढग आला. पण पायरॅनोमीटर ८६० वर स्थिर आहे. मी साइटवर फोन लावते.

“भाऊ, आभाळ कसं आहे?”

“आभाळ मोकळं आहे मॅडम. दोन इन्व्हर्टर बसलेत. माणूस पाठवलाय, पण आज काही चालू होतील असं वाटत नाही.”

या धंद्यात अल्गोरिदमच्या नावांवर तासन्‌तास चर्चा झडतात. माझ्या मते खरी कमाई अशा फोनमध्ये असते. दंडाची टक्केवारी उपलब्ध क्षमतेवर निघते. ४० पैकी १० मेगावॅट बंद, तर ती क्षमता ३० कळवायला हवी, नाहीतर ढग बरोबर ओळखूनही चूक आपल्याच माथी. रिव्हिजनमध्ये क्षमता ३० करते आणि मॉडेलने ढगापोटी केलेली कपात काढून टाकते. सव्वादोनच्या सुमारास खरोखरीचा ढग येतो, तोवर आकडे जागेवर असतात.

४.००. कलतं ऊन, उतरता आलेख. जेवणाचा डबा आता उघडते.

७.१५. सूर्य गेला. मॉडेलने रात्रीच्या एका ब्लॉकात उणे ०.०२ मेगावॅट काढलेत. शून्याखालचं सगळं शून्य करणारी एक ओळ त्यासाठीच लिहून ठेवली आहे.

९.००. नव्या दिवसाची भर घालून मॉडेल पुन्हा शिकवायला लावते. त्याआधी दुपारी एकनंतरच्या सगळ्या ब्लॉकांवर ‘बिघाड’ असा शिक्का मारून ते बाजूला काढते. नाहीतर कडक उन्हात २४ मेगावॅट हेच ते सत्य धरेल आणि पुढच्या मोकळ्या दिवशी घाबरून कमी सांगेल. साइटवरून निरोप आलाय, एक इन्व्हर्टर दुरुस्त झाला, दुसऱ्याचा सुटा भाग नाशिकहून यायचाय. उद्याची उपलब्ध क्षमता ३५.