लूथरच्या आधी कुठे होतात?

लूथरच्या आधी तुमचं चर्च होतं तरी कुठे? सोळाव्या शतकात कॅथलिकांचा हा सवाल प्रॉटेस्टंटांना फार झोंबे.

उत्तरासाठी लूथरपंथी विद्वान मथियास फ्लाकियस जुन्या हस्तलिखितांमागे लागला. पोपसत्तेला पूर्वीच विरोध करणाऱ्यांची जंत्री त्याने १५५६ मध्ये छापली; तीत विक्लिफ होता, हुस होता. मग त्याच्याच पुढाकाराने ‘माग्डेबुर्ग शतके’ हा प्रचंड इतिहास उभा राहिला. १५५९ ते १५७४ दरम्यान बाझेलमध्ये तेरा खंड निघाले, एका शतकाला एक. प्रत्येकात सिद्धांत, विधी, पाखंड, परिषदा अशी तीच प्रकरणं. मूळ शिकवण कधी बदलली, हे वाचकाने स्वतः ताडून पाहावं!

ग्रंथ पक्षपाती होताच. पण वाद आता कागदपत्रांवर आला, हे त्याचं मोठं देणं. रोममधून कॅथलिक इतिहासकार बारोनियसने १५८८ पासून बारा खंडांत उत्तर दिलं.