दगडफूल आणि रानम्हैस

भिलाईतील मराठी घरांत गोड्या मसाल्यासाठी दगडफूल आवर्जून आणले जाते आणि ज्या छत्तीसगढ राज्यात हे पोलादनगर वसले आहे, त्याचा राज्यपशू आहे रानम्हैस. एकाचे वजन चिमूटभर, तर दुसरीचे हजार किलोच्या आसपास. मात्र या दोन्ही जीवांचे भवितव्य जंगलाशी बांधलेले आहे.

रानम्हशीचे वर्गीकरण सोपे आहे. ती सस्तन, समखुरी व गवयकुलातील असून आपली पाळीव म्हैस तिचीच वंशज होय. दगडफुलाचे तसे नाही. ते फूल नव्हे, शैवाक म्हणजेच लायकेन आहे. त्यात बुरशी आसरा देते, तर शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. ही भागीदारी स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात उलगडून दाखविली. आज शैवाकाचे शास्त्रीय नाव त्यातील बुरशीवरून ठरते.

प्रसाराच्या बाबतीतही दोघांत मोठे अंतर आहे. शैवाके ध्रुवप्रदेशापासून वाळवंटापर्यंत आढळतात. दगडफूल दमट डोंगराळ वनांत झाडांवर व खडकांवर वाढते. रानम्हशी मात्र आता प्रामुख्याने आसामात उरल्या आहेत. मध्य भारतात उदंती आणि इंद्रावतीच्या परिसरात त्यांची संख्या अत्यल्प आहे. पाळीव म्हशींशी होणारा संकर, गुरांचे रोग आणि कुरणांचा ऱ्हास ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

रानम्हशीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. २०२० व २०२३ मध्ये आसामातील मानस येथून काही रानम्हशी छत्तीसगढच्या बारनवापारा अभयारण्यात आणण्यात आल्या. दगडफुलासाठी असा प्रवास कोणी योजीत नाही. ते वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढते, पण बाजारासाठी एका हंगामात खरवडून नेले जाते. शिवाय त्याला मुळे नसल्याने हवेतील द्रव्ये ते थेट शोषून घेते. म्हणूनच धुराने दूषित झालेल्या शहरांतून नाजूक शैवाके सर्वांत आधी नाहीशी होतात. हे निरीक्षण नायलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसमध्ये नोंदविले होते. औद्योगिक नगरांतील रहिवाशांनी ते अवश्य ध्यानी घ्यावे.

रानम्हैस दिसेनाशी झाली, तर तिची बातमी होते. दगडफूल मात्र गाजावाजा न होता संपते. मुद्दल शाबूत ठेवून केवळ व्याजावर निर्वाह करावा, हा व्यवहारातील नियम वनसंपत्तीलाही तितकाच लागू पडतो.