विद्यापीठांचे क्रमांक आणि आपली निवड

बारावीचा निकाल लागला की चारकोपच्या सेक्टरांतून घरोघरी एकच खल सुरू होतो: मुलाला धाडावे कोठे? पूर्वी ओळखीच्या एखाद्या मास्तरांना विचारीत. आता यादी पाहतात. दूरच्या एखाद्या खासगी विद्यापीठाचा क्रमांक बरा दिसतो आणि तेवढ्या भरवशावर लाखांचे कर्ज काढले जाते. तेव्हा हा क्रमांक बनतो कसा, हे पाहणे अगत्याचे आहे.

केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, २०१५ साली आखली गेली व पहिली यादी २०१६ साली निघाली. विद्यापीठांच्या यादीत शंभरांपैकी अध्यापन व साधनांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थी पदवीधर होऊन पुढे काय करतात याला २०, सर्व थरांतील विद्यार्थ्यांच्या समावेशाला १० आणि लौकिकाला १० असा भार आहे. पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याला संशोधनाचे ते ३० गुण मोलाचे, बी.कॉम.ला जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्यांतले फारसे काही येत नाही. शिवाय १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. विद्यापीठाच्या क्रमांकावरून मालाडच्या वा विलेपार्ल्याच्या वर्गात कोण कसे शिकवतो, हे कसे कळावे? महाविद्यालयांची यादी निराळी आहे खरी. पण जे महाविद्यालय माहितीच पाठवीत नाही, ते चांगले असूनही तीत सापडायचे नाही.

पवईचेच पाहा. २०२० साली तेथील आय.आय.टी.ने अन्य सहा आय.आय.टीं.सह टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीतून अंग काढून घेतले. तिच्या पद्धतीत पारदर्शकता नाही, ही तक्रार. त्याच वर्षी क्यूएसच्या यादीत ती १७२वी होती. एका यादीत मानाचे पान, दुसरीत नावही नाही!

आकडेही बहुधा संस्थांनी स्वतः दिलेले असतात. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याने अमेरिकेतील एका क्रमवारीला पुरविलेल्या आकड्यांवर तेथल्याच मायकेल थॅडियस ह्या गणिताच्या प्राध्यापकांनी २०२२ साली बोट ठेवले, आणि विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आले. ग्रंथालयातली पुस्तके काही कमी झाली नव्हती.

मग याद्या फेकून द्याव्यात काय? आम्हांला तसे वाटत नाही. एनआयआरएफच्या यादीत क्रमांकापेक्षा त्यामागची कागदपत्रे अधिक कामाची आहेत. संस्थेने भरलेले तक्ते सर्वांना पाहता येतात: प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना, उच्च शिक्षणाला किती गेले. त्यांत पगाराचा जो आकडा असतो, तो नोकरी लागलेल्यांचे पगार चढत्या क्रमाने मांडून त्यांतला मधला. समजा, दोनशे उत्तीर्ण झाले व ऐंशींना नोकरी लागली, तर तो मधला ऐंशींतला. बाकीचे त्यात नाहीत. म्हणून आधी उत्तीर्णांच्या संख्येला नोकरी लागलेल्यांची संख्या ताडून पाहावी, मग पगार. आणि हे तीन वर्षांचे पाहावे, एका वर्षाचे नव्हे. चाळिसावा की पंचेचाळिसावा ह्यावर घरात भांडणे नकोत. गुणांतला फरक पुष्कळदा अगदी किरकोळ असतो.

तक्ते पाहून झाले की कामाच्या एखाद्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन तेथे जावे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तास नियमित होतात का ते विचारावे. जाताना मात्र कांदिवलीहून सकाळच्या गर्दीची गाडीच धरावी. रोज जाण्यायेण्यात मोडणारे दोन-अडीच तास मोजणारा रकाना आम्हांला कोणत्याही यादीत आढळलेला नाही.